रुमालाखालचा हात

आमच्या दादाला कुठलीच वस्तू अखंड दिसत नसे. आंब्याचं झाड दिसलं की तो त्याचे वाटे पाडायला लागायचा. चौघांनी मिळून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल, मोहोर गळाला तर तोटा कोणी सोसायचा, झाडावर चढणाऱ्याला एक वाटा जास्त का द्यायचा, हे सगळं तो झाडाखालीच मांडून मोकळा व्हायचा. रंकाळ्यावरचा भेळेचा गाडा असो, वरातीतला बँड असो, "ह्यात भांडवल घातलं पायजे" हे त्याचं पालुपद. त्यामुळं पेठेत त्याचं नावच 'कंपनी' पडलं. माणसं आम्हाला विचारायची, "कंपनी कुठं गेली रं?" आणि त्याची आई, म्हणजे माझी काकीसुद्धा, चिडली की म्हणायची, "कंपनी, जेवाय येतोस का ताट उचलू?"

दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा. माझे वडील मुरगूडजवळच्या आमच्या गावी शेती बघत आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादाचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते कोल्हापुरात शाहूपुरीच्या पेठेत गुळाची अडत चालवत. मी शिकायला म्हणून आबांच्या घरी आलो आणि दादाच्या अंथरुणाशेजारी माझं अंथरूण पडलं. मी मुळात घुमा. घरात मला कोणी काही विचारलं तर उत्तर दादाच द्यायचा. "बाळूला भाकरी पायजे." "बाळूचं पोट दुखतंय." माझ्या वाटचं बोलणं त्यानं स्वतःकडं घेतलं होतं आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

दादा गेल्या वर्षी गेला. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पेठेतली माणसं दोन-दोन शब्द बोलली. मी बोलेन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी बोललो नाही. आता पन्नाशी उलटल्यावर तरी बोलावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

शाळेत असताना त्यानं खरोखरच एक कंपनी काढली होती. गल्लीतल्या पोरांकडून वाटे गोळा करून त्यानं एक जुनी सायकल घेतली. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा वेळ त्याला सायकल मिळणार. महिनाभर कारभार उत्तम चालला. मग माझ्या पाळीला मी ती उतारावरून सोडली आणि हौदाच्या कठड्यावर घातली. पुढचं चाक पार वाकलं. पोरं माझ्यावर धावून आली. दादा मध्ये पडला आणि तिथंच, रस्त्यात बसून, त्यानं सायकल सोडवायला घेतली. एकाला सीट, एकाला पायडल, एकाला साखळी. "कंपनी बुडली तरी भागीदार बुडाय नको," असं म्हणत त्यानं सगळ्यांची समजूत घातली. मोडणारा मी, तरी मला घंटी मिळाली. त्याला स्वतःला काय उरलं हे मी तेव्हा पाहिलं नाही.

आता पेठेतली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळी गुळाचा भाव तोंडानं ठरत नसे. अडत्यानं खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर पसरायचा, खरीददारानं त्याखाली हात घालायचा आणि अडत्याची बोटं दाबून आपला भाव सांगायचा. एक आला, दाबून गेला, दुसरा आला. कोणी काय दिलं ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. ज्यानं रात्ररात्र गुऱ्हाळ चालवून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणलेल्या असत तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता हलणाऱ्या रुमालाकडं बघत बसायचा. भाव पटत नसेल तर खरीददार काही न दाबता हात काढून घ्यायचा. 'नको' असं तोंडानं म्हणायची पद्धत नव्हती. हात काढला म्हणजे झालं. आणि रुमालाखाली जे झालं ते बाहेर काढायचं नाही, हा पेठेचा धर्म.

दादाला या रितीचा मनापासून राग होता. "ज्याचा माल त्येलाच भाव दिसत न्हाई, ह्यो कसला बाजार?" असं तो आबांच्या तोंडावर म्हणायचा. त्याचं मन दुसरीकडंच लागलेलं. मुंबईच्या वर्तमानपत्रात नव्या कंपन्यांची निवेदनं छापून येत. अमुक कारखाना निघतो आहे, एवढं भांडवल हवं आहे, हे संचालक, हा धोका, लोकांनी शेअर घ्यावेत. पेठेतल्या एका गुजराती व्यापाऱ्याकडं ते वर्तमानपत्र यायचं. त्याचं वाचून झालं की दादा मागून आणायचा आणि आरती म्हणावी तसं ते निवेदन आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. "बघ बाळू, सगळं उघड्यावर. धोकाबी छापलाय. वाच आणि ये, न्हाईतर येऊ नको." असले शेअर लोकांत खपवून देण्याची हमी घेणाऱ्या पेढ्या मुंबईत असतात हे त्याला कुठून कळलं देव जाणे, पण त्याला तिथंच जायचं होतं. कोल्हापुरात लोखंडाच्या भट्ट्या चालवणारे, इंजिनं बनवणारे कसबी लोक त्याच्या ओळखीचे होते. हातात कला आणि खिशात काही नाही. मुंबईत शिकून यायचं आणि अशा लोकांना भांडवल उभं करून द्यायचं, हा त्याचा बेत. त्या वयात आम्ही पोरं सिनेमातल्या नटांची नावं घोकत होतो.

संस्थान विलीन झालं त्याच सुमाराची गोष्ट. कोल्हापुरातलं कॉलेज तोवर मुंबईच्या विद्यापीठाखाली होतं, ते पुण्याच्या नव्या विद्यापीठाकडं गेलं. दादा दोन वर्षं त्या कॉलेजात आर्ट्सला काढून बसला होता, आबांनी 'थांब' म्हटलं म्हणून. आता कॉमर्सला जायचं, पण कुठं, यावर घरात रोज जेवताना चर्चा. आबांचं म्हणणं, जायचंच असेल तर पुणं बरं, जवळ आहे, आपली माणसं आहेत, स्वस्त आहे. दादाचं उत्तर ठरलेलं. "आबा, पुण्याचं वाईट न्हाई की. पण नवं हाय. त्येचा पदवीधर अजून कुणी घेऊन बघितलेला न्हाई. पहिला माल आपलाच कशाला?"

शेवटी आबांनी आम्हा दोघांना मुंबईला नुसतं बघून यायला पाठवलं. दादानं कॉलेज पाहिलं ते पाच मिनिटं. त्याला बघायची होती ती शेअरबाजाराची गल्ली. तिथं आम्ही दोन दिवस उभे होतो. पांढऱ्या टोप्यांचे, काळ्या टोप्यांचे लोक भर रस्त्यात ओरडून भाव सांगत होते आणि दादा देवळात उभा असावा तसा हात जोडून उभा. "आइक, आइक. तोंडानं बोलत्यात," एवढंच तो मला म्हणाला. मग शेअर खपवणाऱ्या एका पेढीचा पत्ता काढून तो थेट वर गेला आणि दारातल्या कारकुनाला त्यानं विचारलं, की तुमच्याकडं नोकरीला घेता ते कुठल्या विद्यापीठाचे? कारकून गमतीदार माणूस होता. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "विद्यापीठ नंतर. आधी कोणाचे कोण ते सांगा." दादा म्हणाला, कोणाचेच कोणी नाही, गुळवाले आहोत. "मग विद्यापीठ मुंबईचंच घ्या," कारकून म्हणाला, "तेवढं तरी ओळखीचं नाव सांगता येईल."

दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. दादा परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत खूश होता. "बरोबर बोलला गडी. आपुन म्हंजे नवी कंपनी. आपल्याला कोण वळखतंय? मग कुठल्या बाजारात नाव नोंदलंय ते बघत्यात. मुंबई म्हंजे मुंबईच." पुण्याला गाडी बदलताना मात्र तो माझ्याकडं वळून म्हणाला, "बाळू, आबा तुला इचारतील बघ. माझ्यावर त्येंचा इश्वास न्हाई, मी लई बोलतो. तू कमी बोलतूस, तुझा हाय." मी मान हलवली.

इथं आबांच्या हाताबद्दल सांगतो. त्या वर्षापासून आबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. घरात पेला धरताना ते दिसे. पण पेठेत तो हातच त्यांची जीभ होता. रुमालाखाली थरथरणारी बोटं दाबताना समोरच्याचा घोटाळा व्हायचा, दोनदा भावावरून वादही झाला होता. आबांच्या जागी कोणीतरी तरुण हात बसायला हवा होता, आणि घरात तरुण हात दोनच होते. दादा गेला तर मी. माझी मॅट्रिक झाली होती. मला मुंबई नको होती, शेअर नको होते. गारगोटीकडच्या एखाद्या शाळेत मास्तर व्हावं, संध्याकाळी पोरांना घेऊन ओढ्यापर्यंत फिरावं, एवढंच मनात होतं. पण अडत नको होती. ती गादी, ते गांधीलमाश्यांचं घोंगावणं, अंगाला चिकटून बसणारा तो गोड वास, आणि सगळा जन्म कुणीतरी आपली बोटं दाबत राहणार.

मुंबईहून आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी आबांनी मला पेठेत बोलावून घेतलं. लिलाव आटोपले होते. दादा पलीकडं वजनकाट्याजवळ एका शेतकऱ्याला काहीतरी समजावत होता, आम्हाला दिसत होता. आबा गादीवर बसले होते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.

"बाळू, हिकडं ये. हात घाल."

मी घातला.

"कंपनीला मुंबई झेपंल का रं? तू बघून आलाईस. झेपंल असं वाटत असंल तर दाब. त्येचं त्येला कळायचं न्हाई, कुणालाच कळायचं न्हाई."

त्यांचा हात गरम होता आणि सारखा थरथरत होता. वरून रुमाल हलत नव्हता, इतक्या नेटानं ते तो थोपवून धरत होते. मी काट्याकडं पाहिलं. दादा त्या शेतकऱ्याला हसत काहीतरी सांगत होता. त्याला झेपलं असतं. त्याच्याइतकं ते कोणालाही झेपलं नसतं, आणि त्या गल्लीत त्याच्या शेजारी उभा राहिलेला एकटा मीच ते सांगू शकत होतो. सांगायलाही नको, नुसतं दाबायचं होतं.

मी हात काढून घेतला.

"हां," आबा म्हणाले. रुमालाची घडी घातली आणि खांद्यावर टाकली.

त्या संध्याकाळी जेवताना आबांनी सांगितलं, उद्यापासून कंपनी गादीवर बसेल. काकी वाढता वाढता थांबली. दादानं घास खाली ठेवला, माझ्याकडं पाहिलं. माझी नजर ताटात. मला वाटलं, आता तो भांडेल, ताट भिरकावेल. त्यानं पाणी प्यायलं आणि म्हणाला, "बरं. मग बाळूला पाठवा मुंबईला. जागा बघून ठेवलीया, एकजण तरी जाऊ दे." आबांनी मान डोलावली. मला नको आहे हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. माझ्या वाटचं नेहमी तोच बोलत आला होता, तेव्हाही तोच बोलला. अशा रितीनं मी त्याच्या कॉलेजात गेलो.

स्टेशनवर पोचवायला आला तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "आजपास्नं तू माझी कंपनी. माझा वाटा हाय तुझ्यात. सुट्टीला आलास की डिव्हिडंड पायजे." डिव्हिडंड म्हणजे शेअरबाजाराच्या गल्लीतल्या गोष्टी. मी सुट्टीत यायचो आणि तो दुकान बंद करून मला घेऊन रंकाळ्यावर जायचा, मला बोलतं करायचा. कुठली कंपनी आली, कोणाचे शेअर पडून राहिले, कोण बुडालं. मी गल्लीत फारसा जातच नसे. मग त्याच्यासाठी मुद्दाम जायला लागलो, टिपून आणायला लागलो, आणि जे पाहिलं नाही ते रचूनही सांगायला लागलो. तो डोळे मिटून ऐकायचा. पुढं मी पदवी घेतली आणि त्यानं स्वप्नात पाहिली होती तसल्याच एका पेढीत चिकटलो. विद्यापीठाचं नाव उपयोगी पडलं, कारकून बरोबर बोलला होता. मला ते काम एक दिवसही आवडलं नाही. सोडावंसं फार वेळा वाटलं. पण ती खुर्ची माझी नव्हतीच, मग मी ती सोडणार कशी?

इकडं दादानं पेठेत पहिल्याच वर्षी गोंधळ घातला. लिलाव झाला की तो शेतकऱ्याला जवळ बोलवायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "पावणं, आइका. तिघांनी हात घातला. दोघांनी दाबला, त्येंचा भाव ह्यो आणि ह्यो. एकानं काढून घेतला." सुट्टीत मी गादीशेजारी बसून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून बाहेर गेलो. खरीददार भडकले. त्यांनी आमच्या रुमालाखाली हात घालायचंच बंद केलं. दादा रुमाल पसरून उभा आणि कोणी येत नाही, असे कितीतरी दिवस गेले. पावसाळा तोंडावर आला, वखारीतला गूळ पाझरायला लागला, आणि ज्या शेतकऱ्यांसाठी हे केलं तेच आबांकडं रडत आले, की पोराला आवरा, आमचा माल जातोय. दादानं एका सकाळी सगळ्या पेठेत फिरून एकेका खरीददाराची माफी मागितली. त्यानंतर त्यानं रुमालाखालचं कधी बाहेर काढलं नाही. झाडांचे वाटे पाडणंही हळूहळू बंद झालं. नाव तेवढं 'कंपनी' राहिलं. नव्या पोरांना ते का पडलं हे माहीतसुद्धा नव्हतं.

काही वर्षांनी आबा गेले. त्यांचे दिवस आटोपून मी मुंबईला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एक बेत होता. मी पेढीतल्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. कोल्हापूर, सांगलीकडचे कारखानदार ओळखणारा माणूस त्यांना हवाच होता, आणि पदवी नसली तरी चालेल असं ते म्हणाले होते. दादाच्या जागी गादीवर मी बसेन, असंही मी ठरवलं होतं. एवढं सगळं पोटात घेऊन मी बारा दिवस घरात राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही. स्टेशनवर गाडी लागली, सामान चढलं, तरी तोंड उघडेना.

दादा माझ्याकडं बघत होता. मग त्यानं आपल्या खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझ्या हातावर टाकला. "कायतरी अडकलंय तुझ्यात. आज तू अडत्या. बोल."

आणि मी बोललो. रुमालाखाली हात लपल्यावर मला बोलता आलं. साहेब काय म्हणाले ते सांगितलं, गादीचं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "दादा, येतोस का मुंबईला? व्हय असंल तर दाब." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते कोणाचे होते.

त्यानं हात आत घातला. राठ, गुळानं कायमचा चिकट झालेला हात. माझ्या बोटांवर तो टेकला आणि तसाच राहिला. आसपास हमाल ओरडत होते, कोणीतरी पाण्याचा तांब्या भरून डब्याकडं पळत होतं. त्याच्या अंगठ्यानं माझी तर्जनी चाचपली. मग त्यानं हात काढून घेतला.

"हां," मी म्हणालो.

त्यानं रुमाल माझ्या हातावरून उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. शिट्टी झाली. मी डब्याच्या दारात चढलो, तेव्हा तो खिडकीशी आला आणि हसला. जुना, झाडाखालचा कंपनी हसायचा तसा.

"दाबायचं हुतं रं बाळू," तो म्हणाला. "लई मनात हुतं. पर हात निघतोय आपसूक. वय झालं म्हण, सवय म्हण. तवा तुझाबी असाच निघाला असंल की."

त्याला कधी कळलं, मला माहीत नाही. आबांनी जाताना सांगितलं असेल. किंवा त्या दुपारी काट्याजवळून त्यानं पाहिलंच असेल आणि ती सगळी वर्षं, रंकाळ्यावर डोळे मिटून माझ्या बनावट गोष्टी ऐकताना, त्याला ठाऊक असेल. गाडी हलली. तो बरोबर चालत होता, माझ्या उत्तराची वाट बघत असावा, असं मला अजून वाटतं. मी नुसती मान हलवली, व्हय म्हणून.

त्यानंतरही आम्ही कितीदा भेटलो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, मी तर काढणारच नव्हतो. त्यानं मला सुटायला जी वाट करून दिली होती तिच्यातून मी गुपचूप निघून गेलो होतो, आणि त्याच्या दहाव्यालाही घाटावर मी तिच्याच आडोशाला उभा होतो.

दादा, माझा हात आपसूक निघाला नव्हता. मी काढला होता.